पेन्सिलचे आठ दिवस

सोमवारी सकाळी शाळेचा शिपाई सुतारकामाच्या कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मिस्त्री दुसरीच्या बाकांना पाठ बसवत होते. शिपाई एरवी आला की आधी लाकडाच्या ढिगावर बसायचा, चहा मागायचा आणि मग कामाचं बोलायचा. त्या दिवशी तो बसला नाही.

"मिस्त्री, हात धुवा आणि चला," एवढंच म्हणाला.

सरस लावून झाला होता. तो आळायच्या आत फळ्या दाबून धरणारा शिकंजा आवळायला हवा होता. मिस्त्रींनी शिकंजा आवळला आणि मग हात धुतले. त्या दोन मिनिटांचं त्यांना पुढे बरेच दिवस काहीतरी वाटत राहिलं.

बाई, म्हणजे मिस्त्रींची बायको, पहिलीच्या वर्गातच वारल्या. दुसरा तास संपला की बाई टेबलावर डोकं टेकायच्या आणि पोरांनीही आपापल्या बाकावर डोकं टेकायचं. पाच मिनिटं चिडीचूप. बाईंनी डोकं उचललं की सगळ्यांनी उचलायचं. छत्तीस वर्षं हा नियम चालला होता. त्या सोमवारी बाईंनी डोकं टेकलं, चौतीस पोरांनी टेकलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली. बाईंनी डोकं उचललं नाही, म्हणून पोरांनीही उचललं नाही. शेजारच्या वर्गावरच्या शिक्षिका डोकावल्या, तेव्हा चौतीस पोरं बाकावर गाल ठेवून पडली होती. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने ओठावर बोट ठेवून त्यांना सांगितलं, "बाईंनी अजून उठा म्हटलेलं नाही."

डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं, कुणी ओरडलं असतं तरी उपयोग नव्हता. मिस्त्रींची मुलगी दवाखान्यात नर्स. तिने डॉक्टरांना तेच पुन्हा विचारून घेतलं आणि मग वडिलांना सांगितलं. मिस्त्रींनी मान हलवली. पोरं शहाण्यासारखी वागली होती. बाईंनी शिकवलं तसं वागली होती. त्यात कुणाचं काय चुकलं?

घरात बाईंना सगळेच बाई म्हणायचे. मुलगी आणि मुलगा दोघेही त्यांच्याच वर्गात पहिली शिकले. वर्गात आई म्हणायचं नाही असा दंडक होता आणि सहा वर्षांच्या पोराला शाळेत एक नि घरी एक असं जमत नाही. तेव्हापासून आईची बाई झाली ती झालीच. मिस्त्री एकदा पालकसभेला गेले, तिथे चारचौघांत काय म्हणावं म्हणून बाई म्हणाले आणि त्यांच्याही तोंडात तेच बसलं. बाई त्यांना मिस्त्री म्हणायच्या. पाहुण्यांना वाटायचं, या घरात सगळे एकमेकांकडे कामाला आहेत.

मिस्त्री स्वतः चौथी शिकले होते. पण सबंध शिक्षण खातं त्यांना पाठ होतं, बाकांच्या उंचीवरून. पहिली-दुसरीला बसायची फळी दहा इंचांवर. पाचवीपर्यंत बारा. सहावीला माध्यमिक सुरू होतं, तिथे चौदा, आणि फळीखाली दप्तराला खण. नववीला सोळा. नववीनंतर मात्र बाकाचे दोन प्रकार होतात. सामान्य शाखेला पुढे उतरती फळी असलेला बाक, कारण तिथे तीन वर्षं लिहायचं असतं. व्यवसाय शाखेला बाकच नाही, नुसतं उंच स्टूल, कारण तिथे अर्धा वेळ उभं राहून काम शिकायचं असतं. सामान्य शाखेची तीन वर्षं झाली की प्रवेश परीक्षा आणि ती पार पडली की विद्यापीठ. विद्यापीठात पायऱ्यापायऱ्यांचं सभागृह असतं आणि बाक जमिनीला बोल्टाने आवळलेले असतात. ते बोल्ट आवळायला मिस्त्री एकदा आठवडाभर तिथे गेले होते. "एवढं शिकलेली माणसं बाक उचलून नेतात की काय?" असं त्यांनी घरी येऊन विचारलं होतं आणि बाई हसून हसून बेजार झाल्या होत्या.

उंची मिस्त्रींना ठाऊक होती, वाट बाईंना ठाऊक होती. कुठला दाखला कुठे लागतो, कुठली तारीख चुकली तर वर्ष जातं, कुठे सही बापाची चालते आणि कुठे आईचीच लागते, हे विचारायला सगळी गल्ली बाईंकडे यायची. घरातल्या पोरांच्या अर्जांची मात्र एक रीत होती. बाई पोराला समोर बसवून अर्ज पेन्सिलने भरायच्या. मग तो आठ दिवस टेबलाच्या खणात पडून राहायचा. खणातच खोडरबरही असायचं. आठ दिवस झाले की मिस्त्री चष्मा लावून बसायचे आणि बाईंच्या अक्षरावर शाई फिरवायचे. "तुमचा हात सरळ आहे," बाई म्हणायच्या. आपण काय गिरवतो ते मिस्त्री वाचत नसत. लाकडावरच्या खुणेवर करवत चालवतो तसा पेन चालवायचा, एवढंच त्यांचं काम. थोरलीचा अर्ज, मुलाचा अर्ज, जावयाच्या भावाचा अर्ज, सगळे असेच गेले.

बाई गेल्या त्याच्या आदल्या शुक्रवारी त्यांनी नातीचा शाखानिवडीचा अर्ज पेन्सिलने भरला होता. नात म्हणजे मुलीची मुलगी, घरचं नाव बिट्टी, वय पंधरा, नववीला. आईची ड्यूटी दवाखान्यात, बाप बसचालक, त्यामुळे बिट्टी लहानपणापासून आजोळीच वाढलेली.

आणि बाईंच्या मागे चौथ्या दिवशी, गुरुवारी दुपारी, घरात कुणी नसताना मिस्त्रींनी खण उघडला. चष्म्याचं घर शोधत होते. हाताला तो अर्ज लागला. बाईंचं अक्षर, जरा डावीकडे झुकलेलं, ताजं. मिस्त्रींनी पेन घेतलं आणि खुर्ची ओढून बसले. एरवी अर्ध्या तासात होणारं काम त्यांनी तीन तास पुरवलं.

गिरवून झाल्यावर मात्र त्यांनी या वेळी वाचलं. शाखा, व्यवसाय. विषय, लाकूडकाम.

त्या संध्याकाळी ते कारखान्यात गेले. खिडकीजवळचा कोपरा झाडून मोकळा केला आणि आपला जुना लहान रंधा काढून त्याच्या पात्याला धार लावली. बाई गेल्यापासून त्यांनी आपणहून केलेलं ते पहिलं काम.

*

रविवारी दुपारी मुलगा आला. तो विद्यापीठाच्या परीक्षा विभागात होता, म्हणून घरात त्याला चिडवून साहेब म्हणत. येत्या शुक्रवारी अर्जाची शेवटची तारीख आहे हे त्याच्या डोक्यात होतं. थोरली बहीण, जावई, बिट्टी सगळे तिथेच होते. त्याने खणातून अर्ज काढला, वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि हे कुणी भरलं म्हणून विचारलं.

"बाईंनी," मिस्त्री म्हणाले. "शाई माझी."

साहेबाने आवाज चढवला नाही, तो कधीच चढवत नसे. पण बोलायला लागला तो थांबेना. पोरगी वर्गात पहिली येते, गणितात पैकीच्या पैकी, तिला सामान्य शाखा मिळणार हे शाळा धरून चालली आहे. शाखेचा अर्ज एकदा गेला की गेला. तीन वर्षांनी तिला वाटलं की विद्यापीठात जावं, तर काय करणार?

"आमच्याकडे चुकून दुसऱ्या रस्त्याला गाडी गेली तर पुढे कुठेतरी वळवायला जागा असते," जावई म्हणाला. तो चार तासांत एक वाक्य बोलणारा माणूस. "इथे नसते का?"

"असते ना. पूल वर्ष म्हणतात. व्यवसाय शाखा संपली की एक वर्ष जास्तीचं शिकायचं आणि मग प्रवेश परीक्षा द्यायची. गेल्या साली त्या वाटेने विद्यापीठात आलेली पोरं बाबांच्या एका बाकावर मावतील."

"कितवीच्या बाकावर?" मिस्त्रींनी विचारलं.

"पहिलीच्या."

पहिलीच्या बाकावर दोघं बसतात.

थोरलीने बापाची बाजू घेतली. बाईंनी लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार, असं ती म्हणाली. बाईंचं या घरात कुणी मोडलं होतं का आजवर? आणि पहिली येणाऱ्या मुलीने सुतारकाम करू नये असं कुठे लिहून ठेवलंय? "बाबांच्या समोर बसून बोलतोयस तू हे."

"ताई, मी तसं म्हणालो नाही."

"तसंच म्हणालास. फक्त विद्यापीठाच्या भाषेत म्हणालास."

साहेबाचा चेहरा उतरला. जावयाने बायकोला डोळ्यांनी खुणावलं, तिने पाहिलं न पाहिलंसं केलं. मग बहीण-भाऊ दोघांनीही बिट्टीलाच विचारलं, तुला काय हवं. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, आहे ते ठीक आहे. मामाने पुन्हा विचारलं, ती पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आई म्हणाली, पोरीला उलटतपासणीला उभं करू नकोस.

मिस्त्रींना आत कुठेतरी बरं वाटत होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. नात आपला धंदा घेणार. बाईंनी ते जाताजाता लिहून ठेवलं. त्यांनी घसा साफ केला.

"हे बघ," ते मुलाला म्हणाले, "बाईंच्या अक्षरावर मी आयुष्यभर शाई फिरवली. एकदाही चुकलं नाही."

साहेबाने अर्ज खाली ठेवला.

"चुकलं नाही, कारण तुम्ही आठ दिवस थांबायचात," तो म्हणाला. "बाबा, माझ्या अर्जावर आधी काय होतं माहीत आहे तुम्हाला? व्यवसाय शाखा, छपाईकाम. मीच बाईंना सांगितलं होतं. कोपऱ्यावरच्या छापखान्याचं वेड होतं तेव्हा मला. बाईंनी हूं की चूं न करता लिहून दिलं. सातव्या दिवशी मी खण उघडून ते खोडलं आणि दुसरं लिहिलं. तुम्ही शाई भरलीत ती त्या दुसऱ्यावर."

हे कुणालाच माहीत नव्हतं. थोरलीने भावाकडे असं पाहिलं, जणू तो तिला आजच भेटला होता.

"म्हणजे बाई लिहायच्या ते त्यांचं नसायचंच?" तिने विचारलं.

"पोराचं असायचं."

"मग बाईंना स्वतःला काय वाटत होतं बिट्टीबद्दल?"

हा प्रश्न विचारायचा तर तो बाईंनाच, आणि ते सगळ्यांनाच एकदम जाणवलं. थोरलीने पदर डोळ्यांना लावला. साहेब उठून तिच्याजवळ जाऊन बसला. मघाशी एकमेकांना टोचून बोलणारी दोघं आता खांद्याला खांदा लावून बसली, लहानपणी बसायची तशी.

मिस्त्री बोटांवर मोजत होते. शुक्रवारी पेन्सिल. शनिवार, रविवार, सोमवार. सोमवारी त्यांचं बोट जरा थांबलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार. आठ होत नव्हते. सहाच होत होते.

त्यांनी अर्ज उचलला आणि शाखेच्या रकान्यावरून अंगठा फिरवला. लाकडावर पॉलिश पेपर मारलाय की नाही हे बघायला मिस्त्रींना दिवा लागत नसे, अंगठा लागे. कागदाचा बाकी सगळा भाग गुळगुळीत होता. त्या एका ओळीभोवती मात्र तो भुरभुरीत झाला होता, बारीक लव आल्यासारखा. कुणीतरी तिथे रबर घासलं होतं. पेन्सिल असती तर गेली असती. शाई जागची हलली नव्हती, म्हणजे घासलं ते शाईनंतर.

त्यांनी मान वर केली. बिट्टी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होती. नजर भेटताच तिने ती खाली केली.

"बिट्टी, चल जरा कारखान्यात," मिस्त्री म्हणाले. "शिकंजे सोडायचे राहिलेत."

"रविवारी?" थोरलीने विचारलं.

"सरसाला रविवार कळत नाही."

*

शिकंजे कधीच सुटलेले होते. बिट्टीला ते दिसलं, तिने काही म्हटलं नाही. मिस्त्री लाकडाच्या ढिगावर बसले, तिला समोर नववीचा एक बाक ओढून दिला.

"कधी खोडायला गेलीस?"

"काल. आठवा दिवस होता. मला वाटलं पेन्सिलच असेल. अंधार होता खोलीत, मी आधी घासलं आणि मग बघितलं."

"बोलायचं ना मला."

बिट्टी बाकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "आजोबा, तुम्ही एक रेघ बाहेर जाऊ दिली नव्हती," ती म्हणाली. "बाईंचा ल कसा गाठ मारल्यासारखा असतो, तोसुद्धा तसाच ठेवलात. ते चुकलं असं मी कसं सांगू? आणि इकडे आले तर तुम्ही हा कोपरा झाडून ठेवलेला."

मिस्त्रींनी कोपऱ्याकडे पाहिलं नाही.

"म्हणून तीन वर्षं लाकूड तासायला निघालीस? म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून?"

"तीन वर्षं फार नसतात."

पंधरा वर्षांच्या पोरीने हे म्हणावं याचं मिस्त्रींना हसू आलं. त्यांनी उगाच खिसे चाचपले. बिट्टीने उठून मडक्यातलं पाणी दिलं. ते प्यायल्यावर त्यांनी विचारलं, की खोडून तिथे काय लिहायचं होतं.

"ते ठरलं नव्हतं. नुसतं खोडायचं होतं." मग जरा थांबून म्हणाली, "बाईंनी विचारलं काय लिहू, मी म्हटलं लाकूडकाम. मला वाटलं त्या काहीतरी बोलतील. नको म्हणतील, नाहीतर हो म्हणतील. त्यांनी नुसतं लिहिलं. मग मला दोन दिवस झोप नाही. सोमवारी शाळेतून आल्यावर मी त्यांना विचारणार होते, तुम्हाला काय वाटतं म्हणून."

मिस्त्रींच्या मनात आलं, आपण म्हणावं की बाईंना अमुक वाटत होतं. पोरीला आधार होईल. पण बाईंना काय वाटत होतं ते त्यांना खरंच माहीत नव्हतं. बाई त्यांच्याशी सगळं बोलायच्या, पोरांच्या अर्जाबद्दल कधीच नाही.

"मला ठाऊक नाही, बाळा," ते म्हणाले.

घरी परत आल्यावर त्यांनी सगळ्यांना एवढंच सांगितलं, की शाई भरण्यात त्यांची घाई झाली, उद्या शाळेत जाऊन नवा अर्ज मागायचा. रबराचं काही बोलले नाहीत. साहेब म्हणाला, मुख्याध्यापिका ओळखीच्या आहेत, मी फोन करतो. मिस्त्री नको म्हणाले.

*

सोमवारी ते शाळेत गेले. पहिलीच्या वर्गावरून जावं लागतं, गेले. आत कुणीतरी नव्या शिक्षिका होत्या आणि पोरं मोठ्याने आकडे म्हणत होती. मिस्त्रींनी पावलं जरा उचलली.

मुख्याध्यापिकांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, बाईंबद्दल चार शब्द बोलल्या. मग नियम सांगितला. प्रत्येक मुलाला मोजून एक अर्ज येतो. दुसरा हवा असेल तर पहिला का बिघडला ते पालकाने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं.

"आमचा कारकून लिहील, तुम्ही सही करा," त्या म्हणाल्या. "पत्नीच्या निधनामुळे, एवढं कारण पुरे आहे. वर कुणी विचारणार नाही."

"ते कारण नाही," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी कागद मागून घेतला. आजवर त्यांनी जे जे लिहिलं त्याच्याखाली पेन्सिल असायची. आज कागद कोरा होता. पहिली ओळ तिरकी गेली, दुसरी सरळ आली.

"नातीचा अर्ज मी बिघडवला. आठ दिवस पुरे व्हायच्या आत शाई भरली. काय लिहिलंय ते आधी वाचलं नाही, मुलीला विचारलं नाही. मुलीची चूक नाही. नवा अर्ज द्यावा."

मुख्याध्यापिकांनी ते वाचलं आणि कपाटातून नवा अर्ज काढून दिला. दारापर्यंत सोडायला आल्या.

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी बिट्टीला समोर बसवलं आणि पेन्सिल घेतली. नाव तिने सांगितलं, त्यांनी लिहिलं. जन्मतारीख, पत्ता. पालकाचा धंदा आल्यावर तिने विचारलं, तुमचा लिहायचा की बाबांचा. बाबांचा, मिस्त्री म्हणाले, बस चालवतो तो. शाखेच्या रकान्याशी आल्यावर त्यांनी विचारलं, "काय लिहू?"

"नाही ठरलं."

"बरं."

तेव्हापासून अर्ज खणात आहे. साहेबाचा रोज फोन येतो आणि तो नुसतं जेवण झालं का म्हणून विचारतो, शाखेचं न विचारणं त्याच्या जिवावर येतं हे मिस्त्रींना आवाजावरून कळतं. थोरली दवाखान्यातून येते, खणाकडे बघते आणि पोळ्या लाटायला घेते. मिस्त्री स्वतः दिवसातून दहा वेळा तोंड उघडतात आणि मिटतात. न बोलता लिहून द्यायला बाईंना किती जड जात असेल, हे त्यांना आता समजायला लागलंय. काल रात्रीच्या जेवणाला बिट्टीने त्यांना सरळ विचारलंच, की तुम्हाला काय वाटतं. ते म्हणाले, "बाकाचं माप विचार, सांगतो." ती हसली, बाई गेल्यानंतर पहिल्यांदा, आणि ताट घेऊन उठली.

या वेळी आठ दिवस नव्हते, चारच होते. आज बुधवार. अर्ज शुक्रवारी पाचच्या आत शाळेत द्यायचा आहे. शाखेचा रकाना कोरा आहे.